सोसायटीतला पोंगल: चूल कुणी पेटवायची?

वाचकाचं पत्र

मी मूळची नाशिकची. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चेन्नईत, ओल्ड महाबलीपुरम रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीत राहतो. तीनशेच्या वर फ्लॅट, त्यातली निम्मी घरं तमिळ, बाकी तेलुगू, बंगाली, हिंदी भाषक आणि आम्ही पाच-सहा मराठी. यंदा सांस्कृतिक समितीचं काम माझ्याकडे आलंय. गेल्या वर्षी ‘लोहडी-संक्रांत-पोंगल’ असा एकच कार्यक्रम झाला. डीजे होता, केटरर होता, फोटोसाठी थर्माकोलचा बैल होता. तमिळ शेजारी मोजकेच आले. एक शेजारीण नंतर म्हणाली, “छान झालं, पण तो पोंगल नव्हता.” यंदा पोंगलच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी साडेचारला कार्यक्रम ठेवायचं घाटतंय. एक जण म्हणतो खरा बैल आणू. दुसऱ्याला लाकडाचा धूर नको आहे. आमच्यातल्या दोघी म्हणतात, त्याच दिवशी हळदीकुंकूही उरकून घेऊ. मला तमिळ जेमतेम येतं. दुसऱ्यांच्या सणात मी पुढाकार घ्यावा का? आणि घेतला तर चारचौघांसमोर बोलायचं काय?
— एक वाचक, चेन्नई

उत्तर

ताई, पुढाकार जरूर घ्या. फक्त कोणत्या कामात घ्यायचा हे आधी ठरवा. जागा मिळवणं, वर्गणी गोळा करणं, हिशेब ठेवणं, तांदूळ-गूळ-ऊस वेळेवर आणणं, मुलांना गोळा करणं, ही सगळी कामं तुमची. चूल कुणी पेटवायची, दूध कुणी ओतायचं, काय आधी नि काय नंतर, हे तमिळ घरांना ठरवू द्या. उद्या नागपुरातल्या एखाद्या सोसायटीत कुणा तमिळ बाईंनी गणपतीचा मांडव घातला, वर्गणी जमवली, आणि आरतीला मात्र तुम्हाला पुढे उभं केलं, तर तुम्हाला केवढं बरं वाटेल! इथे तेच करायचंय.

तुमच्या शेजारणीचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. ती रुसली नाही, तिने नेमकं काय चुकलं ते सांगितलं. पोंगलचा सगळा जीव एका क्षणात असतो, आणि गेल्या वर्षी तो क्षण तुमच्या कार्यक्रमात नव्हताच. केटररच्या डब्यातून आलेला सक्करै पोंगल, म्हणजे सणाच्याच नावाचा गुळाचा भात, गोड असेल, तुपाने थबथबलेला असेल, पण तो कुणी उतू जाताना पाहिला नाही.

तो क्षण असा असतो. सारवलेल्या किंवा धुतलेल्या जमिनीवर कोलम (तांदळाच्या पिठाची रांगोळी) काढलेलं असतं. त्यावर तीन विटांची चूल, शक्यतो उघड्या आभाळाखाली, सूर्य दिसेल अशी. चुलीवर नवं मडकं. मडक्याला हळद-कुंकवाची बोटं ओढलेली, आणि गळ्याला हळदीचं अख्खं रोप बांधलेलं, पानांसकट, खाली ओल्या मातीचा वास येणाऱ्या गड्ड्यासकट. बाजूला उसाच्या दोन कांड्या शेंड्याकडे एकत्र बांधून कमान केलेली. मडक्यात दूध आणि पाणी. जाळ लागला की सगळ्यांचं बोलणं हळूहळू कमी होतं आणि नजर मडक्याच्या तोंडाकडे लागते. फेस वर चढतो, काठाशी क्षणभर थबकतो, आणि मग एका बाजूने उतू जाऊन हळदीच्या पानांवरून खाली निखाऱ्यांत पडतो. त्याच वेळी सगळे एका सुरात ओरडतात, “पोंगलो पोंगल!” बायका जीभ हलवून कुलवै घालतात, पोरं थाळ्या बडवतात. कोणत्या दिशेला उतू गेलं हे आजीबाई लक्ष देऊन बघतात. त्यानंतर मूठ-मूठ नवे तांदूळ आत जातात, आणि पहिली मूठ कुणी घालायची यावरून गोड ओढाताण होते. एवढं एक जमलं, तर बाकी कार्यक्रम साधा झाला तरी चालेल. हे राहिलं, तर बाकी कितीही खर्च करा, तुमची शेजारीण पुन्हा तेच म्हणेल.

आता तारखेचं. पोंगलच्या आधीचा रविवार निवडलात ते बरोबर आहे, कारण ऐन सणाच्या दिवसांत चेन्नई रिकामी होते. सरकार जादा बस सोडतं, रेल्वेची तिकिटं कधीच संपलेली असतात, आणि मदुरै, तिरुनेलवेली, कोइंबतूर, तंजावरकडे माणसांची रीघ लागते. ज्यांचं गाव आहे ते गावी जाणारच, त्यांना सोसायटीत थांबवायचा प्रयत्नही करू नका. शाळा, कॉलेजं, सरकारी कचेऱ्या, कंपन्या सुट्टी लागण्याआधीच अंगणात मडकी चढवतात. त्याला समत्तुव पोंगल म्हणतात, म्हणजे जात-धर्म-हुद्दा बाजूला ठेवून सगळ्यांनी मिळून केलेला पोंगल. तुमचाही कार्यक्रम याच नावाने करा. ‘लोहडी-संक्रांत-पोंगल’ या नावापेक्षा हे नाव तुमच्या मिश्र सोसायटीला कितीतरी नीट बसतं, आणि ते इथल्या मातीतलं आहे.

वेळ मात्र बदला. रविवारी साडेचार ते सहा हा राहुकाळ. तुम्ही मानत असाल-नसाल, तुमच्या तमिळ शेजाऱ्यांच्या भिंतीवर रोज पान फाडायचं कॅलेंडर टांगलेलं असतं आणि त्यात ही वेळ छापलेली असते. शुभ कामाची सुरुवात कुणी त्या वेळेला करणार नाही, आणि तसं तुम्हाला तोंडावर सांगणारही नाही. ते फक्त येणार नाहीत. गेल्या वर्षी गर्दी का झाली नाही, याचं एक कारण इथेही असू शकेल, जुनं निमंत्रणपत्र काढून वेळ बघा. यंदा सकाळीच ठेवा. सातला कोलम, आठ-साडेआठला चूल, दहापर्यंत पानावर पोंगल. सूर्याचा सण आहे, त्याला कोवळं ऊनच शोभतं, आणि जानेवारीतली चेन्नईची सकाळ वर्षातली सगळ्यात सुंदर सकाळ असते.

एखादे आजोबा म्हणतील की अजून मार्गळी महिना चालू आहे, तै महिना लागल्याशिवाय पोंगल कसला? त्यांचं बरोबर आहे. त्यांच्यासाठी, आणि त्यांच्याइतकंच शहरात मागे राहिलेल्यांसाठी, तैच्या पहिल्या दिवशी, म्हणजे खऱ्या पोंगलच्या सकाळी, त्याच जागी एक छोटं मडकं चढवा. मांडव नको, माईक नको. ड्युटी असलेले सुरक्षारक्षक, मुलं परदेशी असलेली म्हातारी जोडपी, रजा न मिळालेली नर्स, गावचं घर विकून टाकल्यामुळे जायला जागाच न उरलेली कुटुंबं, अशी माणसं प्रत्येक सोसायटीत असतात. रविवारच्या मोठ्या कार्यक्रमापेक्षा मला या छोट्या मडक्याची जास्त काळजी वाटते. पैसे कमी पडले तर रविवारचा खर्च कमी करा, पण हे करा.

आता हे सगळं कुणाला विचारून ठरवायचं? तुमची ती शेजारीण उत्तम सुरुवात आहे, पण तिच्या एकटीवर थांबू नका. तमिळनाडू मोठं राज्य आहे आणि दर पन्नास कोसांवर पोंगल थोडा बदलतो. कोंगू भागातले, म्हणजे कोइंबतूर-ईरोडकडचे लोक आदल्या दिवशी कडुलिंब, आवारम् आणि पूळैची पांढरी तुऱ्यांची फुलं एकत्र बांधून दारावर खोचतात. दक्षिणेकडच्यांना ताडाचे उकडलेले कोंब, पनंगिळंगु, असल्याशिवाय पोंगल वाटत नाही. काही घरांतल्या बायका दुसऱ्या दिवशी सकाळी हळदीच्या पानावर पिवळ्या, लाल, पांढऱ्या भाताचे मुटके ठेवून कावळ्या-चिमण्यांना घालतात आणि भावांसाठी मागणं मागतात. आपल्या भाऊबिजेची मैत्रीणच म्हणायची, पण ही रीत सगळ्या तमिळ घरांत नाही. ख्रिस्ती तमिळ घरंही पोंगल करतात, कित्येक चर्चच्या आवारात मडकी चढतात. आणि शेवटच्या दिवशी अनेक घरांत मटण शिजतं, तेव्हा ‘पोंगल म्हणजे शाकाहारी सण’ असं निमंत्रणात लिहू नका. सार्वजनिक जेवण शाकाहारी ठेवा, ते सोयीचं आहे, पण ते सोय म्हणून, नियम म्हणून नव्हे.

वेगवेगळ्या जिल्ह्यांतली पाच-सहा घरं शोधा, चहाला बोलवा आणि एकच विचारा: “तुमच्या गावी लहानपणी काय करायचात?” मग वही घेऊन गप्प बसा. पहिल्यांदा सगळे म्हणतील, आमच्यात काही विशेष नसतं हो. दहा मिनिटांनी कुणीतरी आजीच्या मडक्याची गोष्ट सांगेल, दुसरा म्हणेल आमच्याकडे तसं नसतं, आणि तुमचा कार्यक्रम त्या भांडणातूनच तयार होईल.

त्या चहाला आणखी काही माणसं हवीत, आणि पत्रात त्यांचा उल्लेख नाही म्हणून मी मुद्दाम लिहिते आहे. तुमच्या जिन्यांवर रोज झाडू मारणाऱ्या अक्का, बागेतले अण्णा, फाटकावरचे रक्षक. यातले काही बिहार-आसामचे असतील, पण बरेच जण तमिळनाडूच्या खेड्यांतून आलेले असतात. शेताशी संबंध अजून टिकून असलेली माणसं तुमच्या सोसायटीत कुणी असतील तर ती हीच. पोंगल त्यांच्या कष्टाचा सण आहे. तमिळनाडूत या दिवसांतल्या एका सुट्टीचं नावच उळवर तिरुनाळ, शेतकऱ्यांचा दिवस. आणि बहुतेक सोसायट्यांत त्या दिवशी हीच माणसं खुर्च्या मांडतात, उष्टी पानं उचलतात आणि उरलेलं डब्यात घेऊन जातात.

हे यंदा बदला. एखाद्या अक्कांना विचारा, पहिली चूल तुम्ही पेटवाल का? विचारा, सांगू नका. त्यांना चारचौघांत संकोच वाटत असेल तर आग्रह करू नका, पण विचारणं तुमचं काम आहे. त्या हो म्हणाल्या तर त्यांना गणवेशात नव्हे, त्यांच्या साडीत येऊ द्या, घरच्यांना घेऊन येऊ द्या, आणि त्या दिवशीची झाडलोट रहिवाशांनी वाटून घ्या. ज्यांना कामावर थांबावंच लागेल त्यांना जादा पैसे द्या. दिवाळीसारखीच पोंगललाही इनाम द्यायची इथे पद्धत आहे, तीही कार्यक्रमाच्या आधी द्या, म्हणजे त्यांनाही गावी काही नेता येईल.

समितीत कुणी कुजबुजेल की अमक्यांच्या हातचं तमके खाणार नाहीत. तिथे ठाम राहा. ज्यांना आपलं मडकं आपल्या हाताने करायचंय त्यांनी खुशाल करावं, प्रत्येक इमारतीला एक मडकं दिलंत तरी चालेल. पण मधलं मोठं मडकं सगळ्यांचं, आणि त्यात कुणीही मूठ घालू शकेल. विधवा बाई घालेल, पुरुष घालेल, मुसलमान शेजारी घालेल, तुम्ही घालाल. नाहीतर समत्तुव हा शब्द पत्रिकेवर छापू नका.

धुराची तक्रार करणाऱ्या गृहस्थांना समजावता येईल. सात-आठ मडक्यांची तासाभराची चूल हा फार धूर नव्हे, त्यातून सोसायटीतल्याच नारळाच्या वाळक्या झावळ्या आणि सुकं लाकूड वापरलं तर आणखी कमी. ज्या धुराची भीती बाळगायला हवी तो भोगीचा, म्हणजे पोंगलच्या आदल्या दिवसाचा. पहाटे जुनं जाळायची ही रीत जेव्हा पडली तेव्हा जुनं म्हणजे फाटक्या चटया, झिजलेले झाडू, गवत. शहरात त्यात टायर आणि प्लॅस्टिक आलं. 2018 साली भोगीच्या पहाटे धूर आणि धुकं मिळून असं काही दाटलं की चेन्नईच्या विमानतळावर उतरणारी विमानं दुसऱ्या शहरांकडे वळवावी लागली. महापालिका आता भोगीच्या आधी जुने कपडे, टायर, गाद्या स्वतः गोळा करते. तुमच्या समितीने हे काम हाती घ्यावं असं मला मनापासून वाटतं. आधीच्या आठवड्यात प्रत्येक इमारतीखाली एक जागा ठरवा, नीट कपडे वेगळे, टाकाऊ वेगळं, आणि मुलांना त्याचे रखवालदार करा. भोगीला मुलं वाजवतात ते छोटे चामड्याचे ढोल त्या दिवसांत रस्तोरस्ती विकायला येतात, त्यातले थोडे आणा. जाळण्याऐवजी वाजवत वाजवत सामान गोळा करायला पोरं एका पायावर तयार होतील. आपली भोगीही त्याच दिवशी. तुम्हा मराठी घरांनी त्या दिवशी तिळाची भाकरी आणि मिसळीची भाजी करून शेजाऱ्यांकडे पाठवली तर फार छान. आपल्या भाजीतला पावटा नि त्यांच्या पोंगलच्या कालवणातला मोच्चै ही एकाच हंगामाची देणगी, चव घेतल्यावर त्यांच्या लगेच लक्षात येईल.

चुलींची काळजी मात्र घ्याच. फरशीवर थेट जाळ नको, खाली वाळूचा जाड थर घाला, नाहीतर फरशी तडकते. प्रत्येक दोन चुलींमागे पाण्याची एक बादली. चुलीजवळ जाणाऱ्यांनी सुती कपडे घालावेत, पदर खोचावेत, लहान मुलांसाठी दोरी बांधून रेघ ठरवावी. मातीचं मडकं आदल्या दिवशी पाण्यात भिजवून ठेवा, कोरडं चढवलं तर भर समारंभात फुटायचं.

आणि एक व्यवहाराचं. तीनशे घरांचं खाणं या मडक्यांत शिजणार नाही. मडकी समारंभासाठी आणि प्रसादापुरती, खायचा पोंगल मोठ्या पातेल्यात, हात बसलेल्या आचाऱ्याकडून, तिथेच बाजूला. साधारण एक किलो तांदळाला पाव किलो मूगडाळ आणि दीड ते दोन किलो गूळ धरा, त्यात द्रोणभर वाढलं तर चाळीस-पन्नास माणसं होतात. तांदूळ मऊ शिजल्याशिवाय गूळ घालू देऊ नका, नंतर तो भात कितीही वेळ ठेवला तरी शिजत नाही. गूळ आधी वितळवून गाळून घ्या, खडे निघतात. वरून काजू, मनुका, वेलची, तूप, आणि खायच्या कापराचा अगदी चिमूटभर अंश. कापूर जास्त झाला तर सगळं पातेलं देवळासारखं वासायला लागतं. सोबत मिरी-जिऱ्याचा खारा पोंगल ठेवा, गोड न खाणारे पुष्कळ असतात.

बैल आणू नका. गुळगुळीत फरशी, लाउडस्पीकर, तीनशे फोन, आणि मध्ये बिचकलेलं जनावर. त्याच्यासाठीही वाईट, मुलांसाठीही धोक्याचं. माट्टु पोंगलला, म्हणजे पोंगलच्या दुसऱ्या दिवशी, जनावराची पूजा होते ती त्याच्या गोठ्यात, त्याला ओळखणाऱ्या माणसांकडून. शिंगं रंगवतात, गळ्यात माळा घालतात, पोंगल चारतात. इथे मात्र तुमच्यासारख्या मराठी माणसाकडे खरोखर द्यायला काहीतरी आहे. आपल्या पोळ्याला घरोघरी मातीचे बैल येतात, विदर्भात तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल सजवून मिरवतात. मुलांकडून शाडूचे किंवा साध्या मातीचे बैल करून घ्या, शिंगं रंगवा आणि मडक्यांशेजारी ओळीने मांडा. गेल्या वर्षीचा थर्माकोलचा बैल कुठे ठेवला असेल तर तो बाहेर काढू नका. मोठ्या मुलांना जल्लीकट्टूबद्दल, म्हणजे बैलाचं वशिंड धरून त्याला आवरायच्या तमिळ खेळाबद्दल, सांगायचं असेल तर आपल्याशी जोडलेला धागाही सांगा: 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली, 2017 च्या जानेवारीत चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर या बंदीविरुद्ध हजारो तरुण ठाण मांडून बसले, आणि 2023 च्या मे महिन्यात घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे एकाच निकालात वैध ठरवले. या विषयावर सोसायटीत दोन्ही मतांची माणसं असतील. बोलू द्या दोघांनाही.

डीजेच्या जागी लोककलाकार बोलवा. 2007 पासून काही वर्षं ‘चेन्नई संगमम्’ या उत्सवाने पोंगलच्या दिवसांत गावोगावचे कलाकार शहराच्या बागांत आणि मैदानांत आणले, मध्ये तो खंडला आणि 2023 पासून राज्य सरकारने पुन्हा सुरू केला. तुमच्या मुलांना एक संध्याकाळ तिथे घेऊन जाच. तिथे करगाट्टम, ओयिलाट्टम हे लोकनाच, परै हा ढोल, हे सगळं जवळून बघता येतं, आणि सोसायटीत कुणाला बोलवायचं याचा अंदाजही येतो. पोय्क्काल कुदिरै, म्हणजे लाकडी पायांवर उभं राहून कमरेला घोड्याचा सांगाडा बांधून करायचा नाच, तंजावरच्या मराठा राजांच्या काळात तिथे बहरला असं मानतात. तो दिसला तर मराठी मुलांना मुद्दाम दाखवा. व्यंकोजीराजांपासून जवळपास पावणेदोनशे वर्षं तंजावरात मराठा गादी होती, आणि आजही तिथली काही घरं जुन्या वळणाची मराठी बोलतात, हे आपल्याकडच्या फार थोड्यांना माहीत असतं.

परै बोलवायचं ठरलं की समितीत कुणीतरी म्हणेल, “ते तर अंत्ययात्रेचं वाद्य, सणाला कशाला?” हा आक्षेप तुमच्या कानावर येईलच, म्हणून आधीच सांगते. परै वाजवणाऱ्या दलित समाजाला त्या वाद्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या खाली बघायला लावलं. त्यांच्याच पुढच्या पिढीने ते मान वर करून हातात घेतलं, आणि आज कॉलेजातल्या मुली ते शिकतात. समत्तुव पोंगलच्या दिवशी ते वाजलंच पाहिजे असं माझं मत आहे. कलाकारांचं मानधन आधी ठरवा, निम्मं आगाऊ द्या, आणि जेवायला त्यांना पंक्तीत बसवा.

खेळांवर जास्त डोकं खपवायला नको. उरियडी आपल्या दहीहंडीची लहान बहीण आहे, डोळे बांधून काठीने मडकं फोडायचं. रस्सीखेच, पल्लांगुळी (खळग्यांच्या पाटावर चिंचोके वाटायचा खेळ), सावकाश सायकल, एवढं पुरे. कोलमची स्पर्धा न ठेवता वर्ग ठेवा. ठिपके मांडून रेघ न तोडता फिरवायची ती वळणावळणाची कोलमं अक्कांच्या बोटांत असतात, त्या शिकवतील आणि सॉफ्टवेअरवाले बाप शिकतील. तांदळाचं पीठच वापरा, मुंग्या-चिमण्यांचं पोट भरतं. कडेला गेरूची रेघ.

ऊस आणि हळदीची रोपं कोयंबेडूच्या बाजारातून आदल्या दिवशी पहाटे आणा. तिथे या दिवसांत वेगळा पोंगल बाजार भरतो, पण ऐन सणाच्या जवळ भाव चढतात. तो ऊस आपल्या कारखान्याच्या उसासारखा नसतो, जांभळट काळा, मऊ, चघळायचा. सोबत एखादा तमिळ शेजारी घ्या, हळदीची जुडी निवडायची त्यांची एक नजर असते. कार्यक्रम संपल्यावर कमानीचा ऊस लगेच तोडून मुलांत वाटून टाका, उन्हात दुपारपर्यंत तो वाळतो.

हळदीकुंकवाचं उत्तर सोपं आहे: त्या दिवशी नको. आपल्याकडे रथसप्तमीपर्यंत मुभा आहे, तेव्हा निवांत एक संध्याकाळ ठरवा, आणि ज्या तमिळ घरांनी तुम्हाला चुलीजवळ उभं केलं त्यांना तिळगूळ द्यायला बोलवा. त्या यजमान होत्या, आता तुम्ही व्हाल. लोहडीचंही तसंच, पंजाबी शेजाऱ्यांना त्यांची शेकोटी त्यांच्या रात्री करू द्या.

राहिलं भाषणाचं. भाषण करूच नका. “इनिय पोंगल नल्वाळ्त्तुक्कळ” एवढं पाठ करा आणि शेजारणीकडून उच्चार दोन-तीनदा सुधारून घ्या. मग माईक एखाद्या तमिळ आजोबांच्या हातात द्या आणि त्यांना गावच्या पोंगलबद्दल पाच मिनिटं बोलायला सांगा, तमिळमध्येच. एखादी कॉलेजातली मुलगी बाकीच्यांसाठी हिंदी-इंग्रजीत सांगेल. ते बोलत असताना तुम्ही दुधाच्या पिशव्या फोडून पातेल्यात ओतायला घ्या. चुली पेटल्यावर दूध लागतं, आणि ते ऐन वेळी कुणालाच सापडत नाही.